आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन नेदरलँड्स: एकाच गावात मुक्काम ठोकून आठ दिवस कसे फिरायचे

जानेवारी लागला की ठाणे, पुणे, नाशिक कुठून ना कुठून फोन येतोच, "एप्रिलमध्ये ट्यूलिप बघायला येतोय गं, काय काय करायचं ते लिहून पाठव." आम्ही लायडनजवळ राहतो, आणि आई-बाबा झाले, सासू-सासरे झाले, मोठे दीर-जाऊ त्यांच्या दोन मुलांसकट झाले, सगळ्यांना फिरवून झाल्यावर आता हे एकदाच नीट लिहून ठेवतेय. लांब आहे, पण तिकीट काढायच्या आधी पूर्ण वाचा.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. बॅगा एकदाच उघडा. आपल्याकडचे बहुतेक लोक दोन रात्री ॲमस्टरडॅम, मग ब्रसेल्स, मग पॅरिस असं करतात आणि त्यात नेदरलँड्सच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो, एक बोट, एक बाग, एक पवनचक्की, झालं. हा अख्खा देश महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा आहे आणि ट्रेन दर पंधरा-वीस मिनिटांनी असतात, त्यामुळे एका मध्यम गावात घर घ्यायचं, रोज सकाळी निघायचं, एक दिवस शहर एक दिवस गाव असं फिरायचं आणि संध्याकाळी आपल्याच घरी येऊन वरणभात खायचा. सत्तरीतले आई-बाबा आणि सहा वर्षांचं पोर दोघांनाही झेपणारी हीच पद्धत आहे, बाकी सगळे प्रकार करून बघितलेत.

पहिलं काम: तारीख

ट्यूलिप हवे असतील तर क्यूकेनहॉफ ही बाग वर्षातून फक्त आठेक आठवडे उघडी असते, साधारण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. मार्चमध्ये आलात तर क्रोकस आणि पिवळे डॅफोडिल मिळतील, शेतात ट्यूलिप नाही. माझ्या मते १५ ते २५ एप्रिल हे दहा दिवस सगळ्यात भरवशाचे, थंडी लांबली किंवा लवकर सरली तर आठवडाभर इकडेतिकडे होतं. मे उजाडेपर्यंत थांबलात तर बागेत फुलं दिसतील पण बाहेरची शेतं ओकीबोकी, कारण शेतकऱ्याला फूल नको असतं, जमिनीतला कंद हवा असतो, म्हणून फूल पूर्ण उमललं की मशीन फिरवून मुंडकी उडवून टाकतात, म्हणजे सगळी ताकद कंदात जाते. सासूबाईंना हे बघून अक्षरशः रडू आलं होतं, म्हणून आधीच सांगतेय.

२७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो (रविवार आला तर २६ ला). सगळा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर. त्या दिवशी ॲमस्टरडॅमला आजी-आजोबांना नेऊ नका, गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. त्याऐवजी तुमच्याच गावात फिरा, लहान मुलं फुटपाथवर चादर टाकून स्वतःची जुनी खेळणी विकत बसतात, आमच्या पुतण्याने दोन युरोत गाड्यांचा डबा घेतला आणि अख्ख्या ट्रिपमधली ती त्याची सगळ्यात लाडकी खरेदी आहे.

व्हिसा

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो, पण तुम्ही एप्रिलचा प्लॅन असेल तर डिसेंबर-जानेवारीतच अपॉइंटमेंट घ्या, नंतर स्लॉट मिळत नाहीत. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही, वरून व्हिसा सेंटरचा चार्ज. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा. आणि ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्याच देशाचा व्हिसा मागायचा, "अमुक देशाचा सोपा मिळतो" म्हणून तिकडून अर्ज करू नका.

मुक्काम कुठे करायचा

ॲमस्टरडॅममध्ये नको. एक तर महाग, त्यात २०२४ पासून राहण्याच्या भाड्यावर १२.५ टक्के टुरिस्ट टॅक्स, आणि कालव्याकाठच्या जुन्या घरांचे जिने इतके उभे की शिडीच म्हणा. मी लायडन सांगते, आणि ते माझं गाव म्हणून नाही. नकाशा बघा: स्किपोल विमानतळ पंधरा-वीस मिनिटं, हेग पंधरा मिनिटं, डेल्फ्ट वीस, ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅम दोन्ही साधारण पस्तीस मिनिटं, आणि क्यूकेनहॉफची बस स्टेशनच्या बाहेरूनच सुटते. लायडन नाही मिळालं तर हार्लेम, तेही नाही तर उट्रेख्ट. उट्रेख्टचा फायदा असा की तिथून सगळ्या दिशांना गाड्या जातात.

घर बुक करताना मालकाला चार प्रश्न विचारा. एक, लिफ्ट आहे का किंवा तळमजला आहे का. दोन, बाथरूम आणि बेडरूम एकाच मजल्यावर आहेत का (इथे बरेचदा संडास खाली आणि झोपायचं वर, रात्री आजोबांचे हाल). तीन, शेगडी इंडक्शन आहे का, असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर घरीच ठेवा, स्टीलचा इंडक्शन बुडाचा आणा. चार, स्वयंपाकघरात धुराचा अलार्म कुठे आहे. फोडणी दिली की तो वाजतो, आधी एक्झॉस्ट फुल करा, खिडकी उघडा, मगच मोहरी टाका.

बॅगेत काय आणि काय नाही

इथे लोक हमखास चुकतात. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड, तूप सगळं त्यात आलं. ताजी फळंही सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत (केळं, नारळ, अननस, खजूर वगैरे सोडून), त्यामुळे हापूसची पेटी कितीही मन झालं तरी नाही. चकली, बाकरवडी, भडंग, मेतकूट, थालीपीठाची भाजणी, पोह्याचा चिवडा, लोणचं, हे सगळं आणा. तांदूळ, डाळ, कणिक आणू नका, वजन वाया जातं, ॲमस्टलवेन, हेग, रॉटरडॅम सगळीकडे भारतीय किराणा मिळतो आणि साध्या सुपरमार्केटमध्येही बासमती आणि मसूर असतातच.

कपड्यांमध्ये एकच सांगते, थंडीपेक्षा वारा मोठा. एप्रिलमध्ये बारा-चौदा डिग्री असलं तरी वाऱ्याने कान दुखतात. कानटोपी, आणि टोपी असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट, छत्री इथे पाच मिनिटांत उलटी होते. आईला साडीवर जॅकेट आणि पायात चालायचे शूज घालायला लावले, दोन दिवस कुरकुर केली, मग तिनेच दुसरा जोड विकत घेतला.

ट्रेन-बसचं गणित, हे नीट वाचा

तिकीट काढायची भानगड राहिलेली नाही. २०२३ पासून देशभर ट्रेन, बस, ट्राम, मेट्रो सगळीकडे कॉन्टॅक्टलेस बँक कार्डाने चेक-इन, चेक-आउट करता येतं, म्हणजे प्रवास सुरू करताना आणि संपवताना तिथल्या गेटला किंवा खांबावरच्या मशीनला कार्ड टेकवायचं. निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही चालू करा. नियम तीन:

प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. चेक-इन ज्या कार्डाने केलं त्याच कार्डाने चेक-आउट, आणि फोनमधलं कार्ड आणि प्लॅस्टिकचं कार्ड नंबर एक असला तरी मशीनला दोन वेगळी वाटतात. आणि चेक-आउट विसरलात तर ट्रेनचे सरळ २० युरो कापले जातात. बाबांचे पहिल्याच दिवशी गेले. मोठ्या स्टेशनांवर गेट असतं, तिथे कार्ड लावल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही, पण स्किपोलला नुसते खांब उभे आहेत, बाबा बॅग ओढत सरळ निघून गेले. नातेवाइकांचे असे पैसे गेलेले मी चार वेळा पाहिलेत.

आणखी एक, मध्येच दुसऱ्या कंपनीची ट्रेन पकडायची असेल तर आधीच्या कंपनीच्या खांबावर चेक-आउट आणि नवीन कंपनीच्या खांबावर चेक-इन. चार वर्षांखालची मुलं फुकट, ४ ते ११ च्या मुलांसाठी रेलरनर नावाचं अडीच युरोचं तिकीट आहे, दिवसभर चालतं. तुम्ही चार ते सात जण असाल तर रेल्वेच्या ॲपवर ग्रुप तिकीट बघा, गर्दीची वेळ सोडून प्रवास केला तर खूप स्वस्त पडतं. गर्दीची वेळ म्हणजे सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा. म्हणून आमचा ठरलेला टाइम, नऊनंतरची गाडी पकडायची, त्यात म्हातारी माणसंही आरामात आवरून होतात.

डब्याच्या काचेवर "स्टिल्टे" लिहिलेलं असेल तर तो शांततेचा डबा, तिथे गप्पासुद्धा मारायच्या नाहीत. आपण सहा-सात जण डबे उघडून बसलो की आवाज होतोच, त्यामुळे दुसऱ्या डब्यात बसा.

पहिला दिवस: फक्त गाव

उतरल्या दिवशी काही प्लॅन करू नका. मुंबईहून थेट विमानं आहेत, उन्हाळ्यात घड्याळ साडेतीन तास मागे, त्यामुळे सगळे संध्याकाळी सातलाच पेंगतात. लायडनमध्ये नुसतं चाला. भिंतींवर जगातल्या वेगवेगळ्या भाषांतल्या शंभराहून जास्त कविता रंगवल्यात, मुलांना लिपी ओळखायचा खेळ द्या. इथलं बोटॅनिकल गार्डन १५९० चं आहे, आणि क्लुसियस नावाच्या शास्त्रज्ञाने सोळाव्या शतकाच्या शेवटी इथेच ट्यूलिप लावले, देशातल्या अगदी पहिल्या लागवडींपैकी ही एक. म्हणजे ट्यूलिपची गोष्ट सुरू करायला जागा बरोबर आहे.

आणि एक गोष्ट इथेच सांगून टाका म्हणजे पुढचे सगळे दिवस समजतात. १५७४ मध्ये स्पॅनिश सैन्याने लायडनला वेढा दिला होता, लोक उपाशी मरत होते, तेव्हा डचांनी स्वतःचेच बांध फोडले, शेतात पाणी सोडलं आणि त्या पाण्यावरून सपाट बुडाच्या होड्या आणून गाव सोडवलं. या देशात पाणी शत्रू आणि पाणीच हत्यार. आमच्या पुतण्याने त्यानंतर प्रत्येक ठिकाणी विचारलं, "काकू, इथे समुद्र वर आहे की आपण?" बरेचदा उत्तर "समुद्र वर" असं असतं, देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. तुम्ही ज्या स्किपोलला उतरता तिथे पूर्वी हार्लेमरमेर नावाचं मोठं सरोवर होतं, १८५२ पर्यंत वाफेच्या पंपांनी ते उपसून कोरडं केलं आणि त्या तळावर आज विमानं उतरतात.

दुसरा दिवस: क्यूकेनहॉफ आणि शेतं

तिकीट ऑनलाइन, वेळेचा स्लॉट घेऊन, बस आणि प्रवेश एकत्र असं मिळतं ते घ्या. सकाळचा पहिला स्लॉट किंवा मग दुपारी तीननंतरचा, कारण अकरा ते तीन या वेळात देशोदेशीच्या टुरिस्ट बस रिकाम्या होतात. शनिवार-रविवार टाळा. बाग ३२ हेक्टर आहे, दरवर्षी ७० लाख कंद हाताने लावतात. रस्ते सपाट आहेत, व्हीलचेअर आरामात जाते, बाकं भरपूर. आत खाणं महाग, घरून पोळीभाजीचे रोल करून न्या, गवतावर बसून खाता येतं.

पण खरं सांगू का, बाग म्हणजे सजवलेलं रूप आहे, रंगाचे पट्टे बघायचे तर बाहेरच्या शेतांत जायला हवं. लिसे, हिलेगॉम, नॉर्डवाइक हा सगळा पट्टा, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांच्या मागची वाळूमिश्रित जमीन, पाणी झटकन निचरतं म्हणून कंद कुजत नाहीत. बागेच्या दाराशी सायकली भाड्याने मिळतात, ज्यांचे गुडघे चांगले त्यांनी तासाभराची चक्कर मारून यावी, बाकीच्यांनी बागेतल्या पवनचक्कीवर चढून पलीकडची शेतं बघावीत. शेतात पाऊल टाकू नका, फोटोसाठी तर अजिबात नाही. ते कुणाचं तरी उभं पीक आहे, आपल्या द्राक्षबागेत कोणी फोटोसाठी घुसलं तर जसं वाटेल तसंच.

तिसरा दिवस: हेग

मुलं असतील तर मदुरोडॅम, अख्खा देश १:२५ प्रमाणात, छोटी विमानं, छोटी जहाजं, छोटे बांध. मोठ्यांसाठी माउरिट्सहाउस, डच चित्रकार व्हर्मेरचं मोत्याचं कानातलं घातलेल्या मुलीचं चित्र इथेच आहे. हे म्युझियम लहान आहे, दीड तासात होतं, म्हणून आजी-आजोबांसाठी मी मोठ्या म्युझियमपेक्षा हेच सुचवते. नंतर ट्रामने स्खेवेनिंगनचा समुद्र.

जेवायला मात्र सुरिनामी रोटीचं दुकान शोधा. १८७३ मध्ये लल्ला रुख नावाच्या जहाजातून उत्तर प्रदेश-बिहारकडचे मजूर दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला नेले होते, सुरिनाम तेव्हा डचांचं. १९७५ मध्ये तो देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला त्यांचे वंशज हजारोंनी इकडे आले, आणि हेगमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. रोटीच्या आत पिवळी डाळ भरलेली, आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण समजा, सोबत बटाटा आणि चवळीच्या शेंगांची भाजी. "बारा" म्हणजे उडदाचा वडाच, नावसुद्धा तेच घासून गुळगुळीत झालेलं. सासूबाईंनी दुकानातल्या बाईंशी हिंदीत बोलायला सुरुवात केली, त्या त्यांच्या सरनामीत, म्हणजे सुरिनामकडच्या हिंदीत, उत्तर देत होत्या, अर्धा तास दोघी उठल्या नाहीत.

चौथा दिवस: किंडरडाइक आणि रॉटरडॅम

एकच पवनचक्कीची जागा बघायची असेल तर कुठली, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. झान्से स्खान्स ॲमस्टरडॅमहून ट्रेनने वीसेक मिनिटांत, त्यामुळे सगळे तिकडे जातात. तिथल्या चक्क्या कारखाने आहेत, कुठे लाकूड कापतात, कुठे तेल काढतात, कुठे रंगाचे दगड दळतात, आणि चालत्या चक्कीच्या आत शिरून तो घरघराट ऐकणं हा अनुभव मोठाच आहे. वेळ कमी असेल तर जरूर जा, सकाळी दहाच्या आत. पण हा देश कसा उभा राहिला ते समजून घ्यायचं तर किंडरडाइकच.

रॉटरडॅमच्या इरास्मस पुलाजवळून वॉटरबस नावाची बोट जाते, तिकीट ऑनलाइन आधी घेऊन ठेवा आणि परतीच्या बोटीची वेळ फोनमध्ये लिहून घ्या. तिथे १९ चक्क्या आहेत, बहुतेक १७३८ ते १७४० मध्ये बांधलेल्या, १९९७ पासून जागतिक वारसा. त्या पीठ दळत नाहीत, पाणी उचलतात. खालच्या शेतातलं पाणी चरांतून चक्कीपाशी येतं, चक्कीचं चाक ते वरच्या पातळीच्या जलाशयात ढकलतं, आणि नदीची पातळी खाली असेल तेव्हा दरवाजे उघडून ते नदीत सोडतात. आणि हे कायम करत राहावं लागतं, कारण ही पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची जमीन, पाणी काढलं की आकसते आणि आणखी खाली बसते, मग आणखी पाणी काढायचं.

बाबा वेंगुर्ल्याकडचे. त्यांना हे समजावायला मला एक शब्द बोलावा लागला नाही. खाडीकाठचे खारबंदिस्तीचे बांध, गोव्यातल्या खाजण शेतीची ती मानस, भरतीला बंद होणारी आणि ओहोटीला उघडणारी दारं, ते सगळं त्यांनी लहानपणी पाहिलेलं. बांधावर उभं राहून तेच आम्हाला सांगत होते, आणि मग म्हणाले, आमच्या गावात यांचीच वखार आहे. खरंच आहे, डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली, पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. तुमच्या घरात कोणी कोकणातलं-गोव्यातलं म्हातारं माणूस असेल तर त्यांना घेऊन किंडरडाइकला जाच, बाकी काही सुटलं तरी चालेल.

बांधावरून चालायला पैसे नाहीत, म्युझियम केलेल्या चक्क्यांच्या आत जायला तिकीट आहे, ते काढा. आतल्या कपाटासारख्या पलंगात एवढी माणसं कशी झोपत असतील हे बघण्यासारखं आहे. इतर चक्क्यांमध्ये आजही कुटुंबं राहतात, त्यांच्या अंगणात डोकावू नका. इथे आडोसा नाही, वारा थेट अंगावर, कानटोपी इथेच लागते.

परतताना रॉटरडॅमला मार्केटहॉल आणि घनाच्या आकाराची तिरकी पिवळी घरं, दोन्ही शेजारी शेजारी. मुलं विचारतील इथे जुनी घरं का नाहीत, तर १४ मे १९४० ला जर्मन बॉम्बहल्ल्यात शहराचं मधलं अंग जळून गेलं, हे नंतर सगळं नव्याने उभारलेलं.

पाचवा दिवस: काही नाही

हा दिवस खरंच रिकामा ठेवा. कपडे धुवा, उशिरा उठा, मटकीची उसळ करा. ज्यांना बाहेर पडायचंच आहे त्यांच्यासाठी लायडनहून काटवाइकच्या समुद्रापर्यंत सायकल, साधारण दहा किलोमीटर, पूर्ण सपाट. रेल्वेच्या निळ्या-पिवळ्या सायकली पाहुण्यांना मिळत नाहीत, दुकानातून भाड्याने घ्या. घेताना ब्रेक विचारा, बऱ्याच सायकलींना उलटं पेडल मारलं की ब्रेक लागतो, हँडलवर काही नसतं, तो प्रकार आधी गल्लीत शिकून घ्या. रस्त्यात हिरवे आकडे लिहिलेल्या पाट्या असतात, नकाशावरून चार-पाच आकडे कागदावर उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही, एका आकड्याकडून दुसऱ्या आकड्याकडे जायचं.

चालणाऱ्यांसाठी पण नियम, लाल डांबराचा पट्टा सायकलचा. तिथे उभं राहून फोटो नाही, वळून बघणं नाही. घंटी ऐकू आली की पळू नका, जागच्या जागी थांबा, सायकलवाला तुम्हाला चुकवून जातो, पळालात की दोघं आपटता.

सहावा दिवस: ॲमस्टरडॅम

ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सकाळी दहाला सहा आठवड्यांनंतरची खुली होतात, म्हणजे उन्हाळ्याच्या वेळेत भारतात दुपारी दीड आणि मार्चअखेरच्या आधी अडीच. एप्रिलचं तिकीट मार्चमध्ये काढायचं असतं, म्हणजे बहुतेक अडीचच. तिथे जाऊन बघू म्हणालात तर दारातून परत यावं लागतं, आम्ही एकदा आलोय. आत जिने फार उभे आहेत, ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी तिकीट घेऊ नका, आणि अगदी लहान मुलांनाही नेऊ नये असं मला वाटतं, दहा-अकरा वर्षांनंतर ठीक.

राइक्सम्युझियमला अठरा वर्षांखाली फुकट, मोठ्यांना २५ युरोच्या आसपास. सगळं बघायचा हट्ट सोडा. रेम्ब्रांटचं १६४२ चं नाइट वॉच हे चित्र, व्हर्मेरची दूध ओतणारी बाई, आणि मग आशियाई विभागात चोळकालीन ब्राँझचा नटराज. आईने तिथे चप्पल काढायची का विचारलं होतं. दोन तासांत बाहेर या आणि कालव्यातली बोट घ्या, म्हातारी माणसं असतील तर काचेच्या छपराची, वारा लागत नाही. घरांच्या माथ्यावर हूक दिसतील, जिने अरुंद म्हणून सामान दोरीने बाहेरून चढवायचे, अजूनही चढवतात, आणि सामान भिंतीला घासू नये म्हणून बरीच घरं मुद्दाम पुढे झुकवून बांधलेली.

सेंट्रल स्टेशनच्या मागून पलीकडे जाणारी होडी फुकट आहे, मुलांना दोन-तीन फेऱ्या मारून आणा. आणि पाटीवर "कॉफीशॉप" लिहिलेलं दिसलं तर आजोबांना कॉफी प्यायला तिथे नेऊ नका, तिथे गांजा विकतात, कॉफीसाठी "कॅफे" बघा.

सातवा दिवस: मार्केन, नाहीतर गीथॉर्न

गीथॉर्न (डच लोक खीटहोर्न म्हणतात, इथे ग चा ख होतो, गाउडा चीजसुद्धा खाउदा) हे रस्ते नसलेलं गाव, गवती छपरांची घरं, १७० हून जास्त लाकडी पूल, आवाज न करणाऱ्या बॅटरीच्या होड्या आपणच चालवायच्या. ते कालवे हौसेने खणलेले नाहीत, लोकांनी जळणासाठी पीट कापून नेलं, त्याचे चर राहिले आणि त्यात पाणी भरलं. सुंदरच आहे, पण लायडनहून स्टेनवाइकपर्यंत ट्रेन आणि पुढे बस असे अडीच तास जायला आणि अडीच यायला. फक्त कामाच्या दिवशी जा, अकराच्या आत पोचा, रविवारी कालव्यात होड्यांचं ट्रॅफिक जॅम असतं.

आजी-आजोबा थकले असतील तर मी गीथॉर्न सोडून मार्केन करते. ॲमस्टरडॅमहून बसने साधारण पाऊण तास. १९५७ पर्यंत हे बेट होतं, समुद्र घरात शिरायचा म्हणून घरं लाकडी खांबांवर उभी. १९१६ च्या पुरानंतर सरकारने हा आतला समुद्रच बंद करायचं ठरवलं आणि १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा बांध घालून त्याचं गोड्या पाण्याचं सरोवर केलं. मार्केनहून बोटीने अर्ध्या तासात फोलेंडाम. फोलेंडाम म्हणजे दुकानंच दुकानं, एक तास पुरे, गरमागरम पोफर्ट्येस (छोटे फुगीर पॅनकेक) खाऊन परत या.

शाकाहारी लोकांसाठी

चीज सरसकट शाकाहारी नसतं, बऱ्याच चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट घातलेलं असतं. पाकिटावर "वेगेटारिस" लिहिलेलं बघा, दुकानात विचारलं तर लगेच दाखवतात. जेली, गमीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं. बटाट्याचे तळलेले काप बहुतेक ठिकाणी तेलात, पण काही दुकानं गुरांच्या चरबीत तळतात, एक वाक्य विचारून घ्या, राग मानत नाहीत. अंडं चालत असेल तर पॅनकेक, पोफर्ट्येस, ॲपलटार्ट यावर दुपार निभते. इथे दुपारी गार ब्रेड-चीजच खातात, गरम जेवण संध्याकाळी सहाला, आणि बऱ्याच हॉटेलांची किचन नऊपर्यंत बंद. नळाचं पाणी सरळ प्या. काळं "ड्रॉप" नावाचं चॉकलेटसारखं दिसणारं काही मुलांना देऊ नका, ते खारट ज्येष्ठमध असतं.

पैशाचं, काही दुकानं रोख घेतच नाहीत आणि काही क्रेडिट कार्ड घेत नाहीत, त्यामुळे डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड आणि पन्नासेक युरो सुटे दोन्ही जवळ ठेवा. सार्वजनिक संडासाला पण पैसे लागतात, म्हणून म्युझियममधून निघताना सगळ्यांना जायला लावा.

परतीचा दिवस

ट्यूलिपचे कंद भारतात आणायचा मोह होईल, पण रोपं-कंदांना परवाना आणि तपासणीचं सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे नाही. डेल्फ्टची निळी भांडी, स्ट्रोपवाफेल (मध्ये पाक भरलेली पातळ वाफल बिस्किटं) चालतात. एका दुकानात ५० युरोच्या वर खरेदी असेल तर टॅक्स परतीचा फॉर्म मागून घ्या, स्किपोलला कस्टमचा शिक्का बॅग आत टाकायच्या आधी मारून घ्यायचा, त्यासाठी वेळ धरून तीन-साडेतीन तास आधी पोचा. खिडकीची सीट मुलांना द्या, उडाल्याबरोबर खाली चरांच्या सरळ रेघा दिसतात.

आणि स्किपोल स्टेशनवर फलाटावरून वर आलात की बॅगा तिथेच थांबवा, माणसं मोजा, प्रत्येकाला आपापलं कार्ड हातात घ्यायला लावा आणि त्या खांबावर टेकवून हिरवा दिवा लागलेला स्वतः बघा. परत जाताना बाबा तिथे उभे राहून सगळ्यांचं चेक-आउट करून घेत होते, अनोळखी लोकांनासुद्धा खांब दाखवत होते.